तळ्यात ठेवलेली नावं

त्या राज्यात कुणालाच काही लक्षात ठेवावं लागत नसे. ते काम तळ्यातल्या चार कासवांकडे होतं, आणि बाकीची प्रजा मोकळ्या डोक्याने हिंडत असे.

राज्याला नाव नव्हतं. असेलही, पण ते कुणीतरी तळ्यातच ठेवलं असणार. हरणाला मिठाच्या खडकाची वाट हवी असली, की ते तळ्यावर येऊन विचारी. कोल्ह्याला शेजाऱ्याशी आपलं भांडण नेमकं कशावरून आहे ते आठवेनासं झालं, की तोही येई; कासवं त्याला सगळं शब्दन् शब्द सांगत, आणि तो समाधानाने पुन्हा भांडायला जाई. रीत अशी होती, की एखादी गोष्ट तळ्यात ठेवली की ठेवणाऱ्याने ती स्वतःच्या मनातून पुसून टाकायची. तीच गोष्ट आपल्याजवळही ठेवणं म्हणजे तळ्यावर अविश्वास दाखवणं, आणि ते चांगल्या घरच्यांना शोभत नसे.

कासवांची ठेवण्याची पद्धत मात्र खरोखर शहाणपणाची होती. आलेल्या गोष्टीचे ते तीन तुकडे करत. तिघांच्या कवचांत एकेक तुकडा जाई, आणि चौथा त्या तिन्ही तुकड्यांची मिळून एक गाठ बांधून स्वतःकडे ठेवी. गाठीची पाळी बदलत राही. आज याच्याकडे, उद्या त्याच्याकडे. खुबी अशी, की चौघांपैकी कुणीही एक आजारी पडला, अगदी मेला, तरी उरलेले तिघे आपापलं पुढे ठेवून त्याचा हरवलेला तुकडा हुबेहूब काढून देत. एक गेला तर काहीच जात नसे. दोघे एकदम गेले तर मात्र ब्रह्मदेव आला तरी उपाय नव्हता. पण दोघे एकदम कशाला जातील, असं सगळे म्हणत.

चौघांत थोरला दगडोबा. त्याच्या खालोखाल चांगुणा, तोंडाची फटकळ. तिसरा रखमाजी, जरा झोपाळू. आणि चौथा भिवाजी, धडधाकट, न बोलता काम करणारा. म्हणजे ज्याला सगळे गृहीत धरतात असा. तळ्याचा कारभार खंड्या पक्ष्याकडे होता. पाण्यात सूर मारून मासा काढतात तसं प्रत्येक काम एका झेपेत व्हावं, असं त्याला मनापासून वाटे.

पूर्वी दर ऋतूच्या शेवटी तळ्यात उजळणी होई. चौघे एकमेकांकडून सगळं म्हणवून घेत. कवच कितीही जाड असलं तरी आत कुठेतरी ओल धरते, एखादा शब्द झिजतो, एखादा गळतो. तसं काही सापडलं की बाकीचे तिघे ते तिथल्या तिथे भरून देत आणि पुढे जात. त्यात कुणाला काही वाटत नसे. मग एका उजळणीत दगडोबा एका शब्दाला अडखळला, आणि काठावरची बेडकं हसली. बेडकं कशालाही हसतात, पण राज्यातल्या प्रतिष्ठितांना ते फार लागलं. थोरामोठ्यांची चारचौघांत अशी परीक्षा घेणं बरं दिसत नाही, असं ठरलं आणि उजळणी बंद झाली. त्याऐवजी ऋतूच्या शेवटी खंड्या काठावरच्या फांदीवर बसून विचारी, "सगळं ठीक?" चौघे माना डोलावत. खंड्या उडून जाई. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही त्या राज्यातली सर्वांत लाडकी म्हण होती.

आणि दगडोबाच्या मुठीतून काहीतरी निसटलं होतं.

त्याच्या कवचाच्या डाव्या अंगाला, शेपटीकडच्या कोपऱ्यात, एक जागा कोरी झाली होती. कधी झाली ते त्याला कळलं नाही. त्या कोपऱ्यातलं कुणी कधी मागितलं नव्हतं, म्हणून तोही तिकडे फिरकला नव्हता. मागितल्या जाणाऱ्या गोष्टी वापराने लखलखीत राहतात. न मागितलेल्या बिचाऱ्या अंधारात बसून असतात. एक दिवस सहज चाचपायला गेला, तर तिथे काही लागेच ना. पडलेल्या दाताच्या जागी जीभ जाते तसं त्याचं मन मग पुन्हा पुन्हा तिथेच जाऊ लागलं. तिथे काय होतं, तेवढं त्याला ठाऊक होतं. चिचुंद्री कणीच्या थोरल्या लेकराचं नाव.

कणी बांधाखाली राहायची. चिचुंद्र्या आपल्या लेकरांना बारक्यात बारक्या दाण्यांची नावं ठेवतात, कारण जन्मतः ती तेवढीच असतात. कणीला तीन लेकरं होती, आणि बांध फुटला त्या पुरात तिन्ही गेली. त्यानंतर तिला दुसरं काही सुचेना. दिवसभर ती तीन नावं घेत बांधावरून येरझारा घाली. खाणं नाही, पिणं नाही. शेवटी शेजारणींनी तिला धरून तळ्यावर आणलं. "ठेव गं बाई इथे," त्या म्हणाल्या, "जगशील तरी." कणीने तिन्ही नावं कासवांच्या हवाली केली. मन पुसायच्या आधी ती एवढंच म्हणाली, "ती ऐकण्याइतकं बळ अंगात आलं, की न्यायला येईन. तोवर सांभाळा." सगळ्यांच्या वतीने दगडोबाने तिला शब्द दिला होता. आपल्याला तीन लेकरं होती आणि त्यांची नावं तळ्यात सुखरूप आहेत, एवढंच कणीला आता माहीत होतं, आणि त्यावरच ती उभी होती.

दगडोबाने ही गोष्ट नुसती बोलून दाखवली असती, तर बाकीच्या तिघांनी ते नाव दुसऱ्या क्षणी भरून दिलं असतं. चांगुणा दोन शब्द टाकून बोलली असती, एवढंच. पण दगडोबाला लाज वाटली. इतरांना तोंड लपवायला जागा शोधावी लागते. कासव ती जन्मतः पाठीवर घेऊन फिरतं. आज नको, पुढच्या ऋतूत सांगू, असं म्हणत त्याने कितीतरी वेळा खंड्यासमोर मान डोलावली. पहिल्यांदा मान जड झाली होती. मग सवय झाली, आणि सवय झाली याचीच लाज वाटू लागली.

अशात तळं भरलं. पाण्याने नव्हे; कासवांची कवचं भरली. नवं काही ठेवायला जागा उरेना. काठावर रांगा लागू लागल्या. माकडाला आपला एक जुना अपमान ठेवायचा होता. त्याला जागा नाही म्हणून परत पाठवलं, तेव्हा त्याने तो वाटेत भेटेल त्याच्यावर काढला. तक्रारी खंड्यापर्यंत गेल्या.

खंड्याने उपाय काढला. डोंगरापलीकडच्या दलदलीत थोराड कवचाची कासवं होती. ती एकेक करून आणायची आणि जुन्यांच्या जागी बसवायची. चारही एकदम बदलता येणार नाहीत, एवढं त्यालाही कळत होतं. एका जुन्याने आपल्या दगडावरून उतरायचं आणि नव्याने तिथे बसायचं. उरलेल्या तिघांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं म्हणायचं, आणि त्या म्हणण्यातून उतरलेल्याचे तुकडे काढत काढत नव्याने आपलं कवच भरायचं. ते पुरतं भरल्याशिवाय दुसऱ्याने जागचं हलायचं नाही. शिवाय नव्याचं कवच केवढंही असो, शेवटचं जुनं कासव उतरेपर्यंत त्यात जुन्याएवढंच मावणार होतं. कारण तुकडे सारखे करावे लागत, आणि माप सर्वांत लहान कवचाचं असे.

पहिलं कुणी उतरायचं यावर घोळ झाला. खरं पाहता ज्याचं कवच सर्वांत झिजलेलं त्याने आधी उतरावं. पण मग कुणाचं झिजलंय हे विचारावं लागलं असतं, आणि तो प्रश्न त्या राज्यात कुणी विचारत नसे.

"मी उतरतो आधी," दगडोबा म्हणाला.

हे त्याला रात्ररात्र जागून सुचलं होतं. तो पहिला उतरला असता, तर बाकीच्या तिघांकडचं सगळं शाबूत होतं. नव्या कासवासाठी त्यांनी त्याचे तुकडे काढताना ते हरवलेलं नावही निघालं असतं. कणीचं धन वाचलं असतं आणि त्याची लाजही झाकली गेली असती.

"छे छे, आबा!" खंड्या फांदीवरून जवळजवळ पडलाच. "तुम्ही सर्वांत थोर. तुम्ही शेवटी, हार घालून, वाजतगाजत. आधी तुम्हाला उतरवलं तर लोक आमच्या तोंडात शेण घालतील."

दगडोबाने आणखी आग्रह केला असता, तर त्याचं कारण सांगावं लागलं असतं. तो गप्प बसला. अशा रीतीने पहिला उतरण्याचा मान भिवाजीला मिळाला, ज्याच्या कवचात एक अक्षरही झिजलेलं नव्हतं.

भिवाजी उतरला त्या दिवशी काठावर पाय ठेवायला जागा नव्हती. उतरणाऱ्या कासवाने तळ्यापलीकडच्या ओढ्यात जाऊन कवच आतून-बाहेरून धुऊन टाकायचं, अशी रीत होती. लोकांच्या गोष्टी पाठीवर घेऊन बाहेर हिंडणं म्हणजे चोरीच. भिवाजीची त्याला ना नव्हती. त्याने फक्त विचारलं, "कारभारी, नवा भरून होईपर्यंत थांबू का मी इथेच काठाला? धुवायचं काय, मागाहूनही धुता येईल."

"अरे, म्हणजे मागच्या तिघांवर तुझा भरवसा नाही असं होईल," खंड्या म्हणाला. "एवढे लोक आलेत. शोभतं का ते?"

तेव्हा दगडोबाने मान बाहेर काढली. काठ एकदम शांत झाला. सगळ्यांना वाटलं, आता आबा आशीर्वाद देणार. त्याने तोंड उघडलं. 'थांब' हा शब्द जिभेच्या टोकावर आला होता. मग एवढी तोंडं आपल्याकडे वळलेली त्याला दिसली, आणि त्यांच्यात बेडकंही दिसली.

"सुखाने जा, बाळा," तो म्हणाला.

भिवाजी नमस्कार करून ओढ्यात उतरला. ओढ्याचं पाणी थोडा वेळ गढूळ झालं आणि मग पुन्हा नितळ वाहू लागलं. दगडोबाने ते शेवटपर्यंत पाहिलं.

दलदलीतून आलेल्या नव्या कासवाचं नाव तुळाजी. तो कामाचा पक्का होता, पण परका. तळ्यातलं बोलणं त्याला जरा जड जाई, म्हणून तो कमी बोले आणि जास्त ऐके. तिघांनी म्हणायला सुरुवात केली. मिठाच्या खडकाची वाट झाली, कोल्ह्याचं भांडण झालं, कुठल्या झाडाखाली वीज पडली होती ते झालं. तुळाजीचं कवच भरत चाललं, आणि प्रत्येक गोष्टीबरोबर ती जागा दगडोबाच्या जवळ येत चालली. मध्येच काहीतरी होऊन हे सगळं थांबावं, असं त्याला वाटत होतं. वादळ यावं, तळं आटावं, आपणच मरावं, काहीही. काही झालं नाही. हवा छान होती.

मग कणीची पाळी आली. तिच्या नावांची गाठ रखमाजीकडे होती. त्याने ती पुढे ठेवली. मधल्या लेकराचं नाव चांगुणाकडे होतं. "राई," ती म्हणाली. धाकट्याचं नाव भिवाजीकडे असे. ते आता या तिघांच्या म्हणण्यातून काढायचं होतं. राहिला दगडोबा. सगळे त्याच्याकडे बघू लागले.

खरं सांगून आता ती दोन्ही नावं परत येणार नव्हती, कारण भिवाजी धुऊन मोकळा झाला होता. पण खोटं न बोलणं अजून त्याच्या हातात होतं. तेवढंही त्याने केलं नाही. समोर एक कमळ उमललेलं दिसलं, आणि आपल्याच तोंडातून शब्द बाहेर पडलेला त्याला ऐकू आला. "कमळ."

आवाज अगदी सरळ आला, याचंच त्याला नंतर जास्त वाटलं.

तुळाजीने गाठ घेतली, राई घेतली, कमळ घेतलं, आणि मांडामांड करून धाकट्याचं नाव काढलं. चिखलात बुडबुडा फुटतो तसला एक आवाज निघाला. तुळाजीला ते चमत्कारिक वाटलं. पण तो नवा होता. पहिल्याच कामात शंका काढली तर हे आपल्याला मठ्ठ म्हणतील, यांच्याकडे असतीलही अशी नावं, असा विचार करून त्याने तो आवाज कवचात नीट ठेवून दिला. रखमाजीलाही गाठ कुठेतरी अडल्यासारखी वाटली. पण तो दमला होता, आणि थोरल्याने सांगितलेल्यावर आपण काय बोलायचं? चांगुणाने दगडोबाकडे एकदा टक लावून पाहिलं आणि पुढची गोष्ट सुरू केली. कणीच्या थोरल्याचं नाव दगडोबाने आधीच हरवलं होतं. धाकट्याचं, भिवाजीच्या कवचात परवापर्यंत धडधाकट असलेलं, भिवाजीला न थांबवता त्याने बुडू दिलं.

तुळाजी पुरता भरला, तेव्हा खंड्याने समारंभ ठेवला. नव्या कासवाचं पहिलं उत्तर सगळ्यांसमोर व्हायचं होतं. कुणाला काही मागायचं असेल त्याने पुढे यावं, अशी दवंडी पिटली. गर्दीच्या पायांमधून वाट काढत एक चिचुंद्री काठाशी आली. चिचुंद्रीला कुणी वाट देत नाही. तिच्या वासाने ती आपोआप होते.

"मी कणी," ती म्हणाली. "आता बळ आलंय. माझी तीन नावं द्या. थोरल्यापासून."

दगडोबाला वाटलं होतं, आपण उतरून जाईपर्यंत ती येणार नाही. त्याने मान निम्मी आत ओढून घेतली आणि पुटपुटला, "कमळ."

चिचुंद्रीच्या घरात कमळ! बेडकांत खसखस पिकली. कणीचं तिकडे लक्ष नव्हतं. ती कान टवकारून पुढच्या नावाची वाट पाहत होती.

"राई," चांगुणा म्हणाली.

कणीचं नाक थरथरलं. तिचे पुढचे पाय जमिनीवरून उचलले गेले. "राई!" ती ओरडली. "राई माझी! झाडाच्या मुळाशी लपायची!" आणि ती रडू लागली, हसूही लागली.

मग तुळाजीने आपलं पहिलं उत्तर दिलं. चिखलातला बुडबुडा फुटला, आणि अख्खा काठ खो खो हसला.

खंड्याचा चेहरा पडला. पण तो कारभारी होता. पंख फडफडवत तो म्हणाला, "हसता काय? तळं चुकत नाही! जे ठेवलं तेच मिळतं. हिनेच तेव्हा दुःखाच्या भरात काहीबाही ठेवलं असेल, त्याला तळं काय करणार?"

कणीने वाद घातला नाही. ती 'कमळ, कमळ' असं दोनचारदा हळूच म्हणून पाहत राहिली. मग तो दुसरा आवाज काढायचा प्रयत्न केला. तो तिच्या तोंडाला जमेना. थोड्या वेळाने तिने मुस्कट खाली घातलं.

"बरोबरच असेल तळ्याचं," ती म्हणाली. "राईचं नाव कानावर पडलं आणि काळीज हललं. बाकीच्या दोघांना हाक मारतेय, तर आत काहीच होत नाही. मीच एकीला जीव लावणारी असेन. त्या दोघांना धड नावंसुद्धा ठेवली नाहीत मी. कसली मेली आई!" मग ती दगडोबाकडे वळली आणि खाली वाकली. "उगाच त्रास दिला तुम्हाला, आबा. सांभाळलंत एवढे दिवस, उपकार झाले."

दगडोबाची लाज आजवर त्याची त्याच्यापाशी होती. आता ती दुसऱ्याच कुणाच्या अंगावर चढलेली त्याने पाहिली, आणि ती तिला अशी बसली होती, की जणू मापं घेऊनच शिवली होती. कणी जायला वळली.

"कणे, थांब."

हा शब्द त्याच्या तोंडून आला तो फार उशिरा, पण आला.

"कमळ तुझं नव्हे गं," दगडोबा म्हणाला. "ते मी समोर बघून सांगितलं. तुझ्या थोरल्याचं नाव माझ्याकडून हरवलं. फार दिवस झाले. मला लाज वाटली, म्हणून बोललो नाही. आणि मी भिवाजीला थांबवलं नाही म्हणून धाकट्याचंही गेलं. तुझ्या मायेत काही कमी नाही. तुझं काळीज बरोबर आहे, बाई. तळं चुकलं. मी चुकलो."

"आबा दमलेत," खंड्या घाईघाईने म्हणाला. "उन्हाचं जरा—"

"तू गप रे," चांगुणा म्हणाली. ती दगडोबाकडे वळली, आणि आता ही काय बोलते म्हणून सगळे धास्तावले. पण तिचा आवाज खाली आला होता. "दादा, विचारलं असतंस तर दिलं असतं रे आम्ही. एवढंसं तर होतं."

दगडोबाला शिव्या चालल्या असत्या. हे चाललं नाही.

"मी तरी कुठली शहाणी," चांगुणा जरा थांबून म्हणाली. "तुळाजी भरून झाल्यावर माझ्याकडेही दोन जागा गेल्यात. तुला हसले तशी मला हसतील, म्हणून बोलले नाही." मग रखमाजीने कबूल केलं, की त्याचंही एका ठिकाणी हल्लीच काहीतरी पुसट झालंय. तुळाजी म्हणाला, की ते नाव मला तेव्हाच विचित्र वाटलं होतं. 'सगळं ठीक?' हे आपण उत्तर ऐकण्यासाठी कधी विचारलंच नव्हतं, हे खंड्याला त्या फांदीवर बसल्या बसल्या कळलं असावं. बेडकंसुद्धा हसली नाहीत.

भिवाजीला ओढ्यावरून बोलावून आणलं. त्याने कवचाचा कोपरान् कोपरा धुंडाळला. तिथे ओढ्याच्या पाण्याच्या वासाखेरीज काही नव्हतं. इतकी स्वच्छ पाठ त्याला कधी नकोशी वाटली नव्हती. रखमाजीने गाठ काढून सगळ्या बाजूंनी ओढून पाहिली. पण नुसत्या राईच्या टोकावरून ती सुटणारी नव्हती.

कणीने रागवायला हवं होतं. सगळ्यांना ते सोपं गेलं असतं. ती फक्त दगडोबाजवळ गेली आणि म्हणाली, "थोरला होता की थोरली, एवढं तरी?"

दगडोबाला तेही ठाऊक नव्हतं.

"बरं," कणी म्हणाली. "राई मी नेते. पुन्हा ठेवणार नाही."

यानंतर तळ्यात उजळणी पुन्हा सुरू झाली. चांगुणाच्या दोन जागा आणि रखमाजीची एक, बाकीच्यांनी बसल्या बैठकीत भरून दिल्या. त्याला इतका थोडा वेळ लागला की सगळे एकमेकांची नजर चुकवू लागले. दगडोबाने 'कमळ' काढून टाकायला लावलं, तुळाजीने तो बुडबुडा काढला, आणि त्या दोन जागा कोऱ्या ठेवल्या. मग दलदलीतून उरलेली कासवं आली. उतरलेलं प्रत्येक कासव नवं भरून होईपर्यंत भरल्या पाठीने काठावर बसून राही, आणि त्याला कुणी अविश्वास म्हणत नसे. काही प्राणी आपली गोष्ट तळ्यात ठेवूनही घरी जाताना स्वतःशी पुटपुटत जाऊ लागले. ते पहिल्यासारखे मोकळे दिसत नसत.

शेवटी दगडोबा उतरला. हार नको म्हणाला. त्याच्या जागचं कासव भरून झालं आणि त्याच दिवशी तळ्यात भरपूर जागा झाली. इतकी, की माकडाचे सगळे अपमान मावूनही ती उरली. लोक खूश होते. खंड्या नव्या रांगा लावण्यात गुंतला होता. दगडोबाला ओढ्यापर्यंत सोबत करायला एकटा भिवाजी आला.

"पाणी चांगलं आहे, आबा," भिवाजी म्हणाला. "सगळं जातं. जे जावंसं वाटतं तेही जातं. मला तर आता छान झोप लागते."

दगडोबा पाण्यात उतरला. पलीकडच्या काठाने कणी चरायला निघाली होती. चिचुंद्रीची लेकरं एकमेकांची शेपटी तोंडात धरून आईमागे रांगेने चालतात, आणि आई मध्येच थांबून ती सगळी आहेत ना ते बघते. कणी थांबली. एका नावाला लागावा तेवढा वेळ ती गप्प राहिली. मग तिने "राई" अशी हाक मारली. मग पुन्हा तेवढाच वेळ गप्प राहिली, आणि पुढे चालू लागली.

भिवाजीने वळून पाहिलं, तर भर प्रवाहात दगडोबा एका अंगावर कललेला होता. कवचाची उजवी बाजू पाण्याखाली होती. तिच्यातून हरणांच्या वाटा, कोल्ह्यांची भांडणं, सगळं धुऊन निघत होतं. डावी बाजू, शेपटीकडच्या कोपऱ्यापर्यंत, त्याने पाण्याच्या वर उचलून धरली होती. त्याचे म्हातारे पाय लटपटत होते.

"आबा, तिकडचं राहिलं," भिवाजी म्हणाला.

"राहू दे."

"पण तिथे तर काहीच नाही."

दगडोबाने पाय वाळूत आणखी रोवले, आणि तो कोपरा भिजू दिला नाही.